उषाबाईंचं तस्त

जानेवारीतलं धुकं हुगळीवर असं बसलं होतं, की पलीकडचं कोलकाता रात्रीत कुणी गुंडाळून नेलं की काय असं वाटावं. फेरीचा भोंगा ऐकू येत होता, फेरी दिसत नव्हती. शिवपूरच्या घाटावर माणसं कानटोप्या नि मफलर नाकापर्यंत ओढून उभी होती. थंडी ती केवढीशी, पण मंडळी अशी कुडकुडत होती, जशी आत्ताच हिमालयातून उतरलीत. विनीताला दरवर्षी याचं हसू यायचं. ती निफाडकडची. तिकडे थंडीचा कडाका पडला, की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिची आई तेव्हा अंगावर शालसुद्धा न घेता बांधावर उभी असायची.

आज मात्र हसू आलं नाही. आईने चार दिवस झाले तिचा फोन उचलला नव्हता.

बाकी सकाळ नेहमीसारखीच गेली होती. मिठाने दात घासले. बिनवासाच्या साबणाने आंघोळ. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही. हेमंतच्या, म्हणजे नवऱ्याच्या डब्याची भाजी फोडणीला टाकताना लसणाचा वास नाकात बसू नये म्हणून तोंडावर ओढणी. स्वतः खाल्ले ते वाटीभर कोरडे मुरमुरे. वीस वर्षं हेच चाललंय. हेमंत पाहुण्यांना सांगतो, "आमच्या हिचं सोमवार ते शुक्रवार व्रत असतं. शनिवारी संध्याकाळी ठेच्यावर सोडते."

चहा चाखणं हा विनीताचा पोटापाण्याचा धंदा.

एस्प्लनेडच्या मागच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस. लिलावाला जाणाऱ्या चहाचा नमुना आधी इथं येतो. लांबलचक ओटा, त्यावर झाकणाची पांढरी भांडी, प्रत्येक भांड्यापुढे एक वाटी. बिमलदा पहाटेपासून चिमटी-चिमटी चहा काट्यावर तोलून भांड्यात टाकतात, वरून उकळतं पाणी, मग पाच मिनिटांची घंटी. घंटी झाली की रस वाटीत, चोथा झाकणावर. मग विनीता ओट्याच्या एका टोकाला उभी राहते. चमचा भरते, फुर्रर्र करून असा ओढते की रस थेट टाळूवर जाऊन फुटावा, तोंडात एकदा घोळवते आणि शेजारच्या कमरेएवढ्या, चाकांवर सरकणाऱ्या पिंपात थुंकते. थू. पुढची वाटी. फुर्रर्र, थू. दिवसाला दोनशे, हंगामात तीनशे. एक घोटही पोटात जात नाही. गेला तर दुपारपर्यंत हात थरथरतील नि जिभेला काथ्या बांधल्यासारखं होईल.

इथं ती चाखायला आलीच नव्हती, टाइप करायला आली होती. म्हातारे मोठे साहेब चाखत पुढे जायचे नि इंग्रजीत शब्द फेकायचे, ते विनीताने टिपायचे. एका दुपारी एका चहापाशी ते अडले. काहीतरी खटकतंय, काय ते सापडेना. तिघाचौघांनी चाखलं, कुणाला सांगता येईना. विनीताने उरलेल्यातला चमचाभर घेतला नि पटकन बोलून गेली, "सर, ह्याच्याजवळ कुणीतरी कांदे ठेवले होते." सगळे हसले. चौकशी केली तेव्हा कळलं, की माल ज्या ट्रकमधून आला त्याने आदल्या खेपेला कांदाच वाहिला होता. निफाडच्या पोरीला कांदा कळायचा नाही तर कुणाला? दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तिच्या हातातली वही काढून घेतली नि चमचा दिला.

वहीत आजही ती ठरलेले इंग्रजी शब्दच लिहिते. पण मनात तिची स्वतःची मराठी यादी आहे. हा चहा ठसक्याचा. हा गुळमट. हा नुसताच रंगाने गोरा, अंगात काही नाही. हा ओल्या गोणपाटाचा. आणि ही जीभ आली कुठून, याबद्दल तिला शंका नाही. ती उषाबाईंची, तिच्या आईची.

द्राक्षाच्या मोसमात व्यापारी गोडी मोजायचं यंत्र घेऊन बागेत यायचे, काचेवर थेंब टाकून आकडा सांगायचे. उषाबाई तेवढ्यात घडातला खालचा मणी तोडून तोंडात टाकत, दाताखाली फोडत, नि सांगत, "अजून चार दिस थांबा. साखर आलीय, पन आंबट गेलं न्हाई." आणि पाचव्या दिवशी ते खरं निघे. असल्या बाईने माघातल्या सकाळी घरात बसून राहावं, ही गेल्या चार वर्षांतली गोष्ट. विनीताला सलत होतं ते हेच.

कारण साधं होतं. विनीताचे वडील दारूपायी गेले. विनीता तेव्हा कॉलेजात होती. तेराव्याला पाहुणे गेल्यावर उषाबाईंनी घरातली एकूण एक बाटली बाहेर काढली. नुसती दारूची नाही. मधाची, फिनेलची, गुलाबपाण्याची, विनीताच्या धाकट्या भावाच्या, लहानग्या सुयशच्या खोकल्याच्या औषधाचीसुद्धा. औषध वाटीत ओतलं नि बाटली उकिरड्यावर नेऊन फोडली. त्या दिवसापासून त्या घरात बाटली शिरली नाही. तेल डब्यात, मध बरणीत, पाणी माठात. पाहुणा प्रवासातली पाण्याची बाटली घेऊन आला तर ती ओट्यावर बाहेर राहते, पाहुणा तेवढा आत.

आणि चार वर्षांपूर्वी सुयशने विहिरीजवळच्या तुकड्यात वाइनची द्राक्षं लावली. दिंडोरीकडच्या एका वायनरीशी करार होता, माल हमखास उचलणार होते. त्याचं चुकलं असं विनीतालाही म्हणवेना. पण तो तुकडा उषाबाईंच्या हातचा. ज्या दिवशी तिथं ती रोपं लागली, त्या दिवसापासून त्यांनी बांध ओलांडला नाही. हळूहळू बाकीच्या बागेत जाणंही सुटलं. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. सुयशशी बोलणं कामापुरतं. "आईचं काय दुखत नाही ताई, पण ती मिटत चाललीय," सुयश फोनवर म्हणाला होता.

वाइन चाखायच्या सहलीची कल्पना मुग्धाची. विनीताची ही लेक वीस वर्षांची, जन्माने कोलकात्याची. तिचं मराठी घरातलं, पण वळणं बंगाली. तिने फोनवर त्या वायनरीचं पान काढून आईपुढे धरलं. शनिवार-रविवार, एक मुक्काम, वेलींमधून फेरी, पाच प्रकारच्या वाइन चाखायच्या. "आई, ह्यात मामाच्या बागेचे द्राक्ष असणार! तू टेस्टर, आजीपण टेस्टर. तुम्ही दोघी गेल्या तर त्या लोकांची छुट्टी होईल."

विनीता हसली, पण कल्पना डोक्यात रुतली. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. तेव्हा इकडे चहाचे मळे बंद, नवा चहा यायला मार्च उजाडतो, रजा मिळते. आणि तिकडे नेमकी द्राक्षाची तोडणी. वर्षात हा एकच पंधरवडा दोन्हीकडे जुळतो, आणि चोवीस वर्षांच्या संसारात तिने तो कधी वापरला नव्हता. माहेरी गेली ती लग्नाकार्याला, मे महिन्यात, गर्दीत. आईच्या शेजारी सलग दोन दिवस नुसतं बसली होती कधी? आठवेना. आई एकोणसत्तर वर्षांची.

आणि इथं तिने माती खाल्ली. आईला वायनरी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून म्हणाली, "आई, वणीच्या गडावर जाऊन येऊ. तू, मी न् मुग्धा. देवीचं दर्शन करू, रस्त्यात एक मुक्काम करू." बेत असा, की एकदा गाडीत बसवली की मग हळूच वळण घ्यायचं.

उषाबाई इतक्या हरखल्या, की विनीताला फोनवर त्यांचा श्वास ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देवीसाठी हिरवं पातळ आणलं, खण-नारळ बांधून ठेवला, सगळ्या आळीला सांगितलं, "माही लेक येतीय कलकत्त्याहून, मला गडावर न्यायला." आठवडाभर पूर्ण भाकरी खाल्ली म्हणे. आणि मग सुयशने एका संध्याकाळी विनीताला फोन लावला, स्पीकर चालू, आई मागे तांदूळ निवडत बसलेली, आणि हा गडी म्हणतो, "ताई, वायनरीत खोल्या सांगून ठेवल्या बरं का. आईला खाली तळमजल्यावरची घेतली."

पलीकडून फक्त सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई, तू आजीला मिथ्या बोललीस," मुग्धा म्हणाली होती. "आता ती राग केलीय. मी असते तर मीपण केली असते."

धुक्यातून फेरी एकदाची आली.

साडेदहाला ऑफिसात पहिली रांग अर्धी झाली होती. शेजारच्या ओट्यावर मोठे साहेब चाखत होते, म्हणजे आताचे, म्हाताऱ्या साहेबांनंतरचे. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. कामात फोन घ्यायचा नाही, हा तिचाच नियम. पण पडद्यावर "आई" होतं.

"आई?"

"आई म्हनू नको." उषाबाईंचा आवाज चांगलाच तापला होता, म्हणजे तब्येत ठीक होती. "चार दिस गप बसले. म्हनलं, बोलले तर तोंडातून वंगाळ जायचं. पन न्हाई ऱ्हावलं. का गं, देवीचं नाव घेऊन मला दारूच्या गुत्त्यात नेनार होतीस? माह्या मेल्या नवऱ्यानं सुदीक देवीला मधी घातली न्हाई. तो आपला सरळ सांगून जायाचा."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनं! आळीला काय सांगू आता? पातळ आनलंय तिचं, हिरवंगार, ते काय बाटलीला नेसवू?"

फुर्रर्र. थू. साहेबांनी शेजारी एक वाटी उरकली.

उषाबाई थांबल्या. "कोन थुंकलं गं?"

"कुणी नाही. साहेब आहेत."

फुर्रर्र. थू.

"अगं, कोन आजारी हाय का तिथं? दवाखान्यात हायेस तू? खरं सांग. मघापासून कुनीतरी खाकरतंय."

"दवाखाना कुठला! ऑफिसात आहे."

"हापिसात मानसं थुंकत्यात व्हय?"

विनीताने डोळे मिटले. वीस वर्षांत आईला तिने इतकंच सांगितलं होतं, की चहाच्या कंपनीत आहे. आई समजून चालली होती, की लेक पुड्यांचा हिशेब ठेवते. चारचौघा पुरुषांत उभी राहून दिवसभर थुंकते, हे सांगायची लाज वाटली होती आधी; मग ते राहूनच गेलं. पण आईशी पुन्हा एक खोटं बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

"आई, फोन कानाचा काढ. समोर धर. दाखवते तुला."

उषाबाई आधी नुसत्या कपाळापुरत्या दिसल्या, मग सुयशच्या बायकोने, मीनाने, फोन सरळ करून दिल्यावर पुऱ्या. विनीताने आपला फोन नमुन्याच्या डब्याला टेकवून उभा केला. साहेबांकडे बघून बंगालीत म्हणाली, "दादा, माझी आई बघतेय." साहेब गोरेमोरे झाले; लगेच चमचा ठेवून त्यांनी फोनला नमस्कार केला.

आणि विनीता ओट्यापुढे उभी राहिली. पहिल्या वाटीपाशी जीभ अडखळली, बारावीच्या तोंडी परीक्षेसारखी. मग सवय कामाला लागली. चमचा, फुर्रर्र, थू. चमचा, फुर्रर्र, थू. पाच वाट्या झाल्यावर ती फोनकडे वळली.

उषाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अगं बया! हे काम? ह्याला पगार देत्यात?"

"देतात."

"आन् गिळायचं न्हाई?"

"एक घोट नाही. गिळलं की पुढच्याची चव कळत नाही. आणि शंभर वाट्या प्याले तर झोपच उडेल माझी."

"वीस वर्सं तोंडात घेतीस आन् पोटात काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"तरी कळतं?"

"त्यातच कळतं, आई. गिळल्यावर नाही कळत."

उषाबाईंचं हसू ओसरलं. नजर फोनवरून जरा बाजूला गेली. अंगणात असाव्यात; मागे कोंबडी बोलत होती.

"मी पन थुंकायचीच की," त्या सावकाश म्हणाल्या. "बागेत. दिवसाचे पन्नास-पन्नास मनी तोंडात जायाचे. गिळले तर पोट बिघडायचं. चावायचा, बघायचा, थुंकायचा. माह्या सासूनं शिकवलं. म्हनायची, पारखनाऱ्यानं खायचं नस्तं."

"मग मला कुणी शिकवलं, काय वाटतं तुला?"

उषाबाईंनी कोंबडी हाकलली. मग म्हणाल्या, "तुह्या बापाला हे थुंकनं कुनी शिकवलं आस्तं तर..."

बिमलदांनी काही न विचारता पुढची भांडी लावायला घेतली. मराठीतलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण ते अगदी अलगद झाकणं ठेवत होते.

"तिथं बी आसंच आस्तं का?" उषाबाईंनी अचानक विचारलं. "त्या... सुयशच्या लोकांच्यात?"

"तसंच. पेल्यात बोटभर देतात. वास घ्यायचा, तोंडात घोळवायचं, नि थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. कुणी पितात, कुणी नाही. आपण नाही प्यायची."

"कळंल का पन, त्यात माहा विहिरीजवळचा तुकडा हाय का न्हाई?"

चार वर्षांत आईच्या तोंडी त्या तुकड्याचं नाव पहिल्यांदा आलं होतं, आणि "माहा" म्हणून आलं होतं. विनीता जपून म्हणाली, "तुला कळेल. मला तिथली माती आठवत नाही आता एवढी."

"तुला कशी आठवंल! तू तिकडं मासळी खातीस." टोमणा परत आला, म्हणजे बाई ताळ्यावर आली. "हे बघ, ऐक. मी अजून व्हय म्हनले न्हाई. आधी गड. खोटं बोललीस ना देवीचं नाव घेऊन? मग तू पायऱ्यांनी चढायचं. सगळ्या. त्या ट्रॉलीत बसायचं न्हाई."

"बरं. आणि तू?"

"मी काय खोटं बोलले? मी ट्रॉलीनं येनार."

मागून मीनाचं हसणं ऐकू आलं.

"दुसरं. बाटली माह्या नजरंला पडता कामा न्हाई. आतून वतून आनायचं त्यांनी. बाटली दिसली की मी उठले."

"मी फोन करून सांगते त्यांना."

"तिसरं. त्यांच्या भांड्यात मी थुंकायची न्हाई. हज्जार लोकांचं थुंकलेलं. माहं तस्त घिऊन येते."

"आई, ते केवढं पितळी तस्त! आजीच्या लग्नातलं! हॉटेलात घेऊन जाणार?"

"मग? चिंचंनं घासून आनते. बघू दे त्यांना बी, तस्त कसं आस्तं."

विनीताला डोळ्यांपुढे दिसलं: काचेचे पेले, पांढरे टेबलक्लॉथ, तिथला इंग्रजी बोलणारा माणूस, आणि मधोमध चिंचेने लखलखीत घासलेलं ते तस्त. मुग्धा तर आनंदाने नाचेल. हसू दाबायला तिने ओठ मिटले, पण फोनने ते टिपलं.

"हसतीस कशाला? आन् सुयशला सांग..." उषाबाई थांबल्या. मग आवाज मुद्दाम कडक करून म्हणाल्या, "न्हाई, ऱ्हाऊ दे, मीच सांगते. दुपारी त्या तुकड्यात नेऊन सोड म्हनावं. मनी चाखल्याबिगर रस काय चाखायचा? साखर धरलीय का, पानी लागलंय का, मला काय ठावं! चार वर्सं त्यानं वेली कशा ठेवल्यात देव जाने. पोरगं हाताचं हाय, पन घाईचं हाय."

"सांग त्याला. आवडेल त्याला."

"आवडंल न्हाईतर न आवडंल. माही चप्पल कुठंय गं मीना?"

फोन तिरका झाला. पडद्यावर क्षणभर आभाळ दिसलं, निफाडचं, स्वच्छ, निळं, धुक्याचा पत्ता नाही. मग पत्र्याची कड, एक कोंबडी, आणि उषाबाईंचा लांबून येणारा आवाज, "ती न्हाई, बागंतली! बागंतली चप्पल! माळ्यावर टाकलीया का काय?" कुणाला काय दाबायचं ते कळलं नसावं, कारण फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. विनीताने तो बंद केला नाही. माळ्यावरून काहीतरी धडधड खाली काढल्याचे आवाज ती ऐकत राहिली.

"आई काय म्हणाल्या?" साहेबांनी न राहवून विचारलं.

"फेब्रुवारीत रजा लागेल, दादा. दुसऱ्या पंधरवड्यात. आईला वाइन चाखायला न्यायचंय. हावड्याहून गाडीने जायचं, म्हणजे जरा जास्तच लागेल."

"चाखून आलात की सांगा कसं होतं. मी कधी केलेलं नाही."

"मी तरी कुठं केलंय," विनीता म्हणाली. "पण माझ्याबरोबर मोठ्या टेस्टर असणार आहेत."

पाच मिनिटांची घंटी वाजली. बिमलदांनी दुसऱ्या रांगेची भांडी एकेक करून वाट्यांवर कलती केली, लालसर रस संथ उतरू लागला. खिडकीबाहेरचं धुकं निवळत होतं, ट्रॅफिकचे भोंगे मोकळे झाले होते. विनीताने फोन नमुन्याच्या डब्यामागे सरकवला, चमचा गरम पाण्यात बुडवून झटकला, पिंप पायाने पुढे ढकललं नि पहिल्या वाटीवर वाकली.

फुर्रर्र.

गुळमट. थू.

पुढची.